सॅमन आणि हॅलिबटसाठी रॉड निवडताना आधी शिसं तोला

अलास्का किंवा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा मासेमारीला जायचं ठरलं की दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "हा रॉड किती मोठा मासा पेलेल?" प्रश्न स्वाभाविक आहे. केनाई नदीत १९८५ साली रॉडवर मिळालेला विक्रमी किंग सॅमन ९७ पौंड ४ औंसांचा होता. १९९६ साली डच हार्बरला मिळालेला हॅलिबट तर ४५९ पौंडांचा. असले आकडे कानावर पडले की माणूस भिंतीला टेकवलेल्या रॉडांतला सगळ्यात जाड रॉड उचलतो आणि तोच दोन्ही माशांना चालेल असं गृहीत धरतो. पुढे समुद्रावर दोन्ही मासे त्याच्या हातून निसटतात.

प्रश्न थोडा बदलून पाहा. मासा रॉडवर असतो दहा-वीस मिनिटं. उरलेल्या दिवसभर रॉडवर असतं ते आमिष खाली नेणारं शिसं. ते खाली सोडायचं, तळाला टेकवायचं, उचलायचं, पुन्हा सोडायचं. आणि या सगळ्यात आमिषाला लागलेला बारीकसा धक्का शेंड्यावर ओळखायचा. म्हणून "शेंड्याला किती वजन लटकणार आणि ते खाली कसं जाणार?" इथून सुरुवात करा. लांबी, ताकद, काठीचं साहित्य, मूठ, हे सगळं त्या उत्तरामागून येतं. खालच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : विकत घ्यायचा की नाही, ते आधी ठरवा

होमर, सिवर्ड, सिटका, केचिकन अशा बंदरांतून भाड्याच्या बोटीवर, म्हणजे चार्टरवर, जाणार असाल तर रॉड घेऊ नका. रॉड, रीळ, आमिष सगळं बोटीवरच असतं, आणि ते त्या पाण्यासाठी निवडलेलं असतं. उलट त्या दिवसाचा उपयोग शिकण्यासाठी करा. हातात दिलेल्या रॉडवर काय लिहिलंय ते वाचा, त्याचा फोटो काढा, किती वजनाचं शिसं लावलंय ते विचारा. बोटीवरचा मदतनीस हे सगळं आनंदाने सांगतो. पहिला रॉड घेण्याआधीची यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

स्वतःची किंवा मित्राची बोट असेल, नदीकाठून सॅमन धरायचा असेल, किंवा तिकडेच राहायला गेला असाल, तर मात्र स्वतःचा रॉड हवाच. तेव्हा पुढे वाचा.

पायरी २ : दोन्ही मासे काय करतात ते समजून घ्या

हॅलिबट चपटा मासा. दोन्ही डोळे वरच्या, उजव्या बाजूला. खालची बाजू पांढरी. तो तळाशी असतो, आणि गळ टाकणारे बहुधा १०० ते ३०० फूट खोल पाण्यात त्याच्यामागे जातात. लागला की तो लांब पळत सुटत नाही. डोकं झटकत खाली ओढत राहतो. वर आणताना अंगाचं सबंध रुंद पान पाण्याला आडवं धरतो, त्यामुळे ३० पौंडांचा हॅलिबटही दुप्पट जड वाटतो. बोटीजवळ उजेड दिसला की बऱ्याचदा पुन्हा तळाकडे सूर मारतो. थोडक्यात, हे सरळ उभ्या रेषेत वजन उचलण्याचं काम आहे.

सॅमनचं तसं नाही. तो मधल्या पाण्यात फिरतो. कोहो जातीचा सॅमन लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. किंग एका दमात रिळावरची शंभर यार्ड लाईन काढून नेऊ शकतो, आणि पुढच्याच क्षणी उलटा फिरून बोटीकडे येतो. लाईन ढिली पडली की गळ सुटलाच. आकाराने सॅमन हॅलिबटपेक्षा लहान : कोहो साधारण ८ ते १२ पौंड, पिंक ३ ते ५, सॉकाय ६ च्या आसपास, किंग १५ ते ३० पौंडांचे नेहमी दिसतात. पिंक आणि कोहोचं तोंड मऊ असतं. ताठ रॉडने जोर लावला तर गळ मांस फाडून बाहेर येतो.

म्हणजे हॅलिबटला उचलणारा रॉड हवा आणि सॅमनला सांभाळून घेणारा.

पायरी ३ : मुठीवरची अक्षरं वाचायला शिका

मुठीच्या जरा वर, काठीवर बारीक अक्षरांत लांबी, लाईनची ताकद, आमिषाचं वजन, पॉवर आणि ॲक्शन लिहिलेलं असतं. दुकानात सगळ्यात जास्त घोटाळा शेवटच्या दोन शब्दांचा होतो.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला लागणारा जोर : लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी, एक्स्ट्रा हेवी. ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो ते. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, मॉडरेट अर्ध्यापर्यंत आणि स्लो अगदी मुठीपर्यंत. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हेवी पण मॉडरेट रॉड असतो, मीडियम पण फास्ट रॉडही असतो. "हेवी" म्हणजे ताठ शेंडा असं धरून चालू नका.

"लाईन १५–३० पौंड" याचा माशाच्या वजनाशी संबंध नाही. लाईन किती ताणाला तुटते, त्याचा तो आकडा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती जोराने ओढल्यावर लाईन सुटू द्यायची ती मर्यादा, साधारण लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. ३० पौंडी लाईनवर ड्रॅग ८ ते १० पौंड. तेवढ्या ताणावर, वेळ दिला तर, ४० पौंडांचा किंगही दमतो. मासा पाण्यात असतो तोवर त्याचं सगळं वजन तुम्हाला उचलायचं नसतं.

शिसं मात्र उचलायचं असतं. म्हणून माझ्या लेखी या सगळ्या अक्षरांत आमिषाच्या वजनाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. "ल्युअर २–८ औंस" असं लिहिलेल्या रॉडला दोन पौंड, म्हणजे ३२ औंस शिसं लटकवलं, तर मासा लागण्याआधीच तो पुरता वाकलेला असतो. काही जड रॉडांवर हा आकडा नसतो, फक्त लाईनची ताकद असते. तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा : यावर किती पौंडांचं शिसं चालेल?

पायरी ४ : हॅलिबटचा रॉड

होमरसमोरच्या काचेमॅक बेमध्ये आणि कुक इनलेटमध्ये भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला २५ फुटांच्या आसपास जातो. एवढं पाणी काही तासांत आत-बाहेर करतं, तेव्हा त्याची ओढ काय असेल याची कल्पना करा. त्या ओढीत आमिष तळाला टिकवायचं तर एक-दोन पौंड, कधी तीन पौंड शिसं लागतं. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेवढा वेळ हलक्या शिशावर भागतं, आणि हॅलिबटसाठी वेळही तीच उत्तम. पण रॉड निवडायचा तो वाहत्या पाण्याच्या हिशोबाने.

मी पहिल्यांदा हॅलिबटला गेलो तेव्हा सॅमनचा ९ फुटी रॉड घेऊन गेलो होतो. दोन पौंडांचं शिसं तळाशी टेकलं की शेंडा सरळ व्हायचा, उचललं की कमानीसारखा वाकायचा. आमिषाला मासा हात लावतोय की पाण्याची ओढ आहे, ते दिवसभर कळलं नाही. तीनदा वर ओढून पाहिलं तर गळ मोकळा, आमिष साफ. रॉड मजबूत होता, तुटला नाही. पण शिशाखाली त्याची जाणीवच बोथट झाली होती. निवड शिशापासून सुरू करावी हे मी त्या दिवशी शिकलो.

लांबी साडेपाच ते सात फूट. आखूड का, याचं गणित सोपं आहे. रॉडचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात टेकवलाय, पुढचा हात बुंध्यापासून दोन फुटांवर आहे, आणि शेंड्याला २० पौंडांचा ताण आहे असं समजा. रॉड आडवा आणि ताठ धरला तर सहा फुटी रॉडवर पुढच्या हाताला ६० पौंड उचलावे लागतात, नऊ फुटीवर ९०. मासा तोच, ताण तोच. फरक फक्त तरफेचा. प्रत्यक्षात रॉड वाकतो आणि तरफ थोडी आखूड होते, तरी अर्ध्या तासाने दंडांना हा फरक नीट समजतो. लांब रॉड माशाच्या बाजूने काम करतो. मी स्वतः साडेसहा फुटांच्या आसपासचा निवडेन : बोटीच्या कडेपासून लाईन लांब ठेवायला पुरेसा आणि उचलायला सोपा.

ताकद ५० ते १०० पौंडी लाईनची, पॉवर हेवी. १०० पौंडांच्या पुढचे, हलवले तरी न हलणारे दांडे टाळा. ते ट्यूनासारख्या माशांच्या लढाईसाठी असतात, आणि दिवसभर हातात धरून त्यांवर चिमटीएवढा धक्का ओळखता येत नाही.

साहित्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : हॅलिबटसाठी फायबरग्लास, किंवा फायबरग्लास आणि ग्राफाइट मिसळलेला कॉम्पोझिट. निव्वळ ग्राफाइट हलका आणि तल्लख असतो, पण ठिसूळ. बोटीच्या कठड्यावर आपटला, शिशाचा गोळा त्यावर आदळला, की काठीला न दिसणारी चीर पडते आणि नेमका मोठा मासा लागल्यावर तिथेच मोडतो. फायबरग्लास जड असतो, पण मार खातो आणि खोलवर वाकतो. शेक्सपिअर कंपनीची १९७६ पासून चालत आलेली अग्ली स्टिक ही मालिका याच गुणावर टिकली आहे. तिचा टायगर हा जाड प्रकार हॅलिबटच्या बोटींवर सर्रास दिसतो.

थोडा नरम शेंडा असण्याला इथे आणखी एक कारण आहे. हॅलिबटसाठी बहुतेक जण सर्कल हूक वापरतात, १६/० च्या आसपासच्या मापाचा. आत वळलेला हा गळ झटका मारून लागत नाही. झटका मारला तर तोंडातून निसटून येतो. मासा आमिष घेऊन वळतो, ताण हळूहळू वाढतो, आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. शेंडा टोकाकडे नरम असेल तर तो ताण हळूहळूच वाढतो. शेंडा वाकू लागला की थांबायचं, नीट वाकला की रीळ फिरवायचं. नवख्याला हा धीर सगळ्यात कठीण जातो, आणि योग्य रॉड त्यात मदत करतो.

आता बारीकसारीक गोष्टी. बुंध्याच्या टोकाला अधिक चिन्हासारखी खाच असते, तिला गिंबल म्हणतात. ती कमरेच्या पट्ट्यातल्या किंवा बोटीवरच्या होल्डरच्या खिट्टीत बसते आणि रॉडला स्वतःभोवती फिरू देत नाही. रीळ रॉडच्या वरच्या बाजूला असतं, त्यामुळे ताण आला की ते कलंडायला पाहतं. गिंबल नसेल तर मनगट त्याच्याशी झगडत बसतं. काही रॉडांवर लाईन ओवायच्या कड्या रिळाजवळ वरून सुरू होऊन काठीभोवती वळत शेंड्याकडे खालच्या बाजूला जातात. हे सदोष काम नव्हे. त्या रचनेत रॉड कलंडत नाही, आणि उभ्या उचलण्याच्या कामाला ती फार छान आहे. रिळाच्या पुढची मूठ लांब आणि फोमची हवी. रोलरच्या, म्हणजे फिरत्या चाकांच्या कड्या हव्यातच असं नाही. जुन्या रोलरच्या फटीत बारीक ब्रेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाईन अडकते. चांगल्या सिरॅमिक कड्या पुरतात.

पायरी ५ : सॅमनचा रॉड

इथे मात्र एकच उत्तर नाही, कारण सॅमनसाठी आमिष खाली नेण्याच्या तऱ्हा अनेक. तुमची तऱ्हा शोधा आणि तेवढंच वाचा.

डाउनरिगरने ट्रोलिंग करणार, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणार असाल तर शिशाचा भार रॉडवर येतच नाही. १० ते १५ पौंडांचा गोळा वेगळ्या तारेवर बोटीवरच्या यंत्राने खाली जातो, आणि तुमची लाईन त्या तारेला चिमट्याने अडकवलेली असते. रॉड होल्डरमध्ये खोल वाकवून, ताणून ठेवतात. मासा लागला की लाईन चिमट्यातून सुटते, आणि त्या क्षणी रॉड व मासा यांच्यामधली लाईन ढिली होते. ती ढिलाई कोण खेचून घेतं? वाकलेला रॉड सरळ होताना घेतो. म्हणून रॉड लांब आणि खोल वाकणारा हवा : साडेआठ ते साडेनऊ फूट, मॉडरेट ॲक्शन, लाईन १५–३० पौंड. आखूड, ताठ रॉड इथे फसतो. आणि गंमत अशी की ३० पौंडांचा किंग धरणारा हा रॉड २० पौंडांच्या हॅलिबटच्या रॉडपेक्षा कितीतरी नाजूक दिसतो.

डाउनरिगर नसेल आणि लाईनवरच ८ ते १६ औंस शिसं किंवा पाणी कापत खाली जाणारा डायव्हर लावून ट्रोलिंग करायचं असेल, तर पुन्हा सगळा भार रॉडवर. तेव्हा लांबी तीच ठेवा, पण ताकद एक पायरी वर घ्या : मीडियम हेवी किंवा हेवी, लाईन २०–४० पौंडांच्या आसपास.

मूचिंग ही मला सगळ्यात आवडणारी तऱ्हा. हेरिंग या लहान माशाचं डोकं तिरकं कापतात म्हणजे ती पाण्यात गोल फिरत राहते. वर २ ते ६ औंसांचं वाकडं शिसं, आणि दोन गळांचा लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा. बोट जवळजवळ थांबवून ही हेरिंग खाली सोडायची, वर घ्यायची, पुन्हा सोडायची. सॅमन पुष्कळदा आमिष तोंडात घेऊन वर पोहतो. मग शेंडा खाली ओढला जाण्याऐवजी हलका होतो, शिशाचं वजनच नाहीसं झाल्यासारखं वाटतं. हे ज्याला कळलं त्याने रीळ भराभर फिरवून लाईन ताणायची. चार औंसांचं वजन गेलेलं दाखवणारा शेंडा किती नरम असावा, याचा अंदाज यावरून येईल. साडेआठ ते साडेदहा फूट, लाईन ८–१७ किंवा १०–२५ पौंड. ब्रिटिश कोलंबियात साडेदहा फुटी रॉडवर हाताने फिरवायचं सिंगल ॲक्शन रीळ लावतात. मुठीचा एक फेरा म्हणजे लाईन गुंडाळणाऱ्या स्पूलचाही एकच फेरा. मासा पळाला की मूठ उलटी गरगरते, बोटं सांभाळावी लागतात. त्या रिळावर किंग खेळवण्याची मजा निराळीच आहे, पण पहिल्या हंगामासाठी साधं लेव्हल वाइंड रीळ बरं. ते लाईन स्वतःच सारखी गुंडाळून घेतं.

नदीकाठून किंवा किनाऱ्यावरून चमचे आणि स्पिनर ही चकाकणारी आमिषं फेकून कोहो धरायचा असेल तर साडेसात ते साडेआठ फुटांचा मीडियम स्पिनिंग रॉड, लाईन ८–१७ पौंड, आमिष अर्धा ते एक औंस. दिवसभरात शेकडो वेळा फेकायचं असतं, म्हणून इथे हलका ग्राफाइट घ्या; पैसे वाया जात नाहीत.

केनाई आणि रशियन नद्यांतला सॉकाय बहुतेक वेळा आमिषाचा पाठलाग करत नाही. काठाजवळून रांगेने वर जाणाऱ्या माशांच्या वाटेत माशीसारखा दिसणारा गळ आणि छोटं शिसं वाहू द्यायचं असतं. प्रवाह जोरदार, काठावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी. त्यामुळे मासा लागला की त्याला पळू न देता वळवावं लागतं. साडेआठ-नऊ फुटांचा मीडियम हेवी रॉड, किंवा ८ वेटचा फ्लाय रॉड (वेट म्हणजे फ्लाय रॉडच्या ताकदीचा आकडा). फ्लाय रॉडच आवडत असेल तर कोहो, पिंक, सॉकाय सगळ्यांना ८ वेट पुरतो, किंगसाठी १०.

पायरी ६ : एकच रॉड घ्यायचा असेल तर

हा प्रश्न येणारच, कारण बोटीत जागा कमी असते आणि खिशाला मर्यादा असते. पहिल्या हंगामात दोन्ही मासे एका रॉडवर धरायचा प्रयत्न करू नये असं माझं प्रामाणिक मत आहे. तरीही एकच घ्यायचा असेल, तर सात ते साडेसात फुटांचा कॉम्पोझिट, मीडियम हेवी, लाईन २०–५० पौंडांचा घ्या. त्यावर १२ ते १६ औंसांपर्यंतचं शिसं किंवा जिग, म्हणजे वर-खाली नाचवायचं जड आमिष, लावून उथळ, शांत पाण्यात हॅलिबट धरता येतो. तिथले लोक ज्यांना "चिकन" म्हणतात ते लहान हॅलिबट खायलाही उत्तम असतात. याच रॉडवर सॅमनसाठी जिग मारता येतं, डायव्हरने ट्रोलिंग करता येतं.

पण काचेमॅक बेच्या ओढीत दोन पौंड शिसं घेऊन हा रॉड नेऊ नका, आणि डाउनरिगरवर लावलात तर लाईन सुटल्यावरची ढिलाई खेचायला तो कमी पडतो हे लक्षात ठेवा. दोन साधे रॉड एका महागड्या "सर्वगुणसंपन्न" रॉडपेक्षा केव्हाही चांगले.

पायरी ७ : रीळ आणि लाईनशी जोडी जमवा

हॅलिबटला ६५ ते १०० पौंडी ब्रेड. ८० पौंडी ब्रेडची जाडी साधारण १८–२० पौंडी मोनो, म्हणजे एकाच तंतूच्या लाईनएवढीच असते, त्यामुळे पाणी तिला कमी ओढतं आणि शिसं कमी लागतं. शिवाय ब्रेड ताणली जात नाही, म्हणून ३०० फुटांवरचा धक्का हाताला कळतो. मोनो तेवढ्या खोलीवर रबरासारखी ताणली जाते. सॅमनच्या ट्रोलिंगला मात्र मोनोचा तोच ताण मऊ तोंडाला सांभाळतो. २५–३० पौंडी मोनो मला तिथे अजूनही जास्त आवडते. ब्रेड लावणार असाल तर रॉड आणखी नरम हवा.

पैशांची विभागणी करताना उलटा विचार करा. हॅलिबटचा चांगला फायबरग्लास रॉड १०० डॉलरच्या आत मिळतो. उरलेले पैसे मजबूत, गुळगुळीत ड्रॅगच्या रिळात घाला, कारण खरा मार रीळ खातं. सॅमनच्या बाबतीत रॉडच्या दर्जाने जास्त फरक पडतो.

पायरी ८ : दुकानात हातात घेऊन तपासा

शक्य असेल तर स्वतःचं रीळ घेऊन जा आणि रॉडवर चढवून पाहा. मूठ काखेत नीट बसते का, रीळ पकडल्यावर पुढचा हात सहज पोचतो का, हे रीळ लावल्याशिवाय कळत नाही.

मग लाईन कड्यांतून ओवा, टोक कुणाला तरी धरायला सांगा आणि रॉड हळूहळू वाकवा. कमान एकसारखी हवी. मधेच कोपरा पडत असेल तर तो रॉड परत ठेवा. वाकलेल्या अवस्थेत लाईन दोन कड्यांमध्ये काठीला घासते का, तेही पाहा. घासत असेल तर कड्या कमी आहेत.

कापसाचा छोटा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. कुठे तंतू अडकले तर तिथे चीर आहे, आणि ती ब्रेड कापेल. जुना रॉड घेत असाल तर ही तपासणी टाळू नका.

शेवटी, दुकानदाराची परवानगी घेऊन, तुम्ही वापरणार तेवढ्या वजनाचं शिसं शेंड्याला लटकवा. शेंडा वाकला पाहिजे, पण काठीचा खालचा अर्धा भाग जवळजवळ सरळ राहिला पाहिजे. तो उरलेला वाक माशासाठी आहे. सगळा रॉडच शिशाने वाकला तर त्याहून जड घ्या. शेंडा हललाच नाही तर हलका घ्या. मला एकच तपासणी करायची मुभा दिली तर मी हीच करेन.

विमानाने जाणार असाल तर एकसंध रॉड त्रास देतो. सॅमनचे दोन तुकड्यांचे रॉड चांगल्या नळीत जातात. लहान विमानाने एखाद्या दूरच्या लॉजवर जायचं असेल तर तीन-चार तुकड्यांचे प्रवासी रॉड पाहा. हॅलिबटचा रॉड शक्यतो नेऊच नका, तिकडे भाड्याने घ्या.

पायरी ९ : परवाना आणि त्या वर्षीचे नियम

अलास्कात बाहेरून आलेल्या, १६ वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि किंग सॅमनसाठी त्यावर वेगळा स्टॅम्प. किंगची संख्या घटल्यामुळे केनाईसह अनेक नद्यांवर अलीकडच्या वर्षांत किंगच्या मासेमारीला बंदी आली आहे. तेव्हा किंगसाठी खास रॉड घेण्याआधी त्या वर्षी ती नदी खुली आहे का ते पाहा. हॅलिबटवर अमेरिका आणि कॅनडा यांनी १९२३ साली स्थापलेला संयुक्त आयोग देखरेख ठेवतो. किती मासे आणि केवढे ठेवायचे याचे नियम दरवर्षी बदलतात, आणि चार्टरचे नियम खासगी बोटीपेक्षा कडक असतात. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी काटा नसलेला गळ सक्तीचा आहे. अशा गळावर लाईन क्षणभर ढिली पडली तरी मासा जातो. तिथे लांब, नरम रॉड का चालतो हे आता वेगळं सांगायला नको.

पायरी १० : घेतलेला रॉड मोडू देऊ नका

रॉड बहुतेक वेळा बोटीच्या कडेला, शेवटच्या मिनिटाला मोडतात. मासा जवळ आला की नवखा माणूस शेंडा आकाशाकडे नेतो, आणि सगळा वाक वरच्या दोन फुटांत गोळा होतो. ग्राफाइट तिथेच जातो. रॉड खांद्याच्या वर नेऊ नका. मासा अजून खोल असेल तर शेंडा खाली नेत रीळ फिरवा, मग दोन्ही हातांनी सावकाश उचला, पुन्हा खाली नेत फिरवा. सॅमन जाळ्यात घ्यायचा, रॉडने उचलायचा नाही.

मोठ्या हॅलिबटचं डोकं पाण्याबाहेर काढू नका. डोकं बाहेर आलं की तो आपटायला लागतो, आणि बोटीत शंभर पौंडांचा जिवंत हॅलिबट पाय मोडू शकतो. ठेवायचाच असेल तर अनुभवी माणूस भाला मारून, दोर बांधून मगच आत घेतो. मोठे हॅलिबट जवळजवळ सगळे मादी असतात, लाखो अंडी घालणारे. त्यामुळे फोटो काढून त्यांना पाण्यातच सोडणारे पुष्कळ आहेत आणि मीही त्यांतलाच. सोडायचा असेल तर गळ पाण्यातच काढा.

घरी आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोरदार फवारा मारलात तर मीठ रिळाच्या आत जातं. रिळाच्या बैठकीची रिंग सैल करून तिच्याखालचं मीठ काढा, दोन तुकड्यांचा रॉड वेगळा करून वाळवा, ड्रॅग पूर्ण सैल करा, आणि पुढच्या फेरीपर्यंत रॉड कोपऱ्यात तिरका टेकवून न ठेवता उभा किंवा आडवा टांगून ठेवा.